घाटात पाच गाड्या एकमेकांवर आपटल्या आणि तुमची मधली आहे, तर आधी धक्के मोजा

मागच्या पावसाळ्यात आम्ही लोणावळ्याहून खाली मुंबईकडे उतरत होतो, बोरघाटात पाऊस धो धो, पुढे ट्रॅफिक थांबलं म्हणून मीही थांबलो, पुढच्या गाडीत आणि माझ्यात एक गाडी बसेल एवढी जागा ठेवली होती, हँडब्रेक ओढला आणि बायकोला म्हटलं पाण्याची बाटली दे. तेवढ्यात मागून असा दणका बसला की बाटली डॅशबोर्डवर जाऊन आपटली, आणि लगेच दुसरा आवाज, तो पुढून, कारण माझी गाडी ढकलली जाऊन पुढच्या गाडीच्या डिकीत घुसली. एकूण पाच गाड्या होत्या, माझी तिसरी. कुणाला मोठं लागलं नाही, पण नंतरचे तीन महिने पोलीस स्टेशन, गॅरेज, सर्व्हेअर (कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा), इन्शुरन्सवाले यांच्यात जे फिरलो त्यातून जे कळलं ते इथे सगळं लिहितोय, कारण तेव्हा हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

पहिली गोष्ट जिवाची. साखळी अपघातात पहिल्या धडकेनंतर अजून धडका बसू शकतात, खास करून घाटात आणि एक्सप्रेसवेवर, मागून येणाऱ्याला वळणामुळे दिसतच नाही. म्हणून चारी इंडिकेटर चालू करा, इंजिन बंद करा, शक्य असेल तर डाव्या बाजूने उतरून रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहा, पोरांना आधी काढा. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून नुकसान बघत बसू नका. दरवाजा उघडता येत नसेल किंवा बाजूने गाड्या वेगाने जात असतील तर आतच पट्टा लावून बसणं बरं. फोन ११२ ला करा, जखमी असतील तर १०८, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ पण चालतो.

सगळे सुरक्षित आहेत हे कळलं की मग लगेच, अगदी दोन मिनिटांत, मनातल्या मनात हे आठवा: मला धक्के किती बसले आणि कुठला आधी बसला? हे मी मुद्दाम इतक्या वर लिहितोय. मधल्या गाडीवाल्याचं सगळं भवितव्य याच्यावर ठरतं. आधी मागून आणि मग पुढे, म्हणजे तुम्ही थांबला होतात आणि तुम्हाला ढकललं. आधी पुढे आणि मग मागून, म्हणजे तुम्ही स्वतः पुढच्याला ठोकलंत आणि नंतर मागच्याने तुम्हाला. अर्ध्या तासाने माणूस इतका गोंधळलेला असतो की ज्याला त्याला वेगळं सांगतो, आणि तीन ठिकाणी तीन वेगळं सांगितलं की कुणीच विश्वास ठेवत नाही. म्हणून मोबाईलवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा, वेळ आपोआप नोंदली जाते. शेजारी बसलेल्यालाही त्याच्या शब्दांत बोलायला लावा. पुढच्या गाडीवाल्याला सुद्धा विचारा, "दादा, तुम्हाला किती धक्के बसले?" त्याला एकच बसला असेल तर ते तुमच्या बाजूने बोलतं, कारण तुम्ही आधी ठोकून नंतर परत ढकलले गेला असता तर त्याला बहुतेक दोन बसले असते. माझ्या पुढचे काका बिचारे रागात होते, मलाच बोलत होते, पण हा प्रश्न विचारल्यावर थांबले, जरा विचार करून म्हणाले "एकच". त्यांचा नंबर मी तिथेच घेतला आणि पुढे त्यांचा जबाब माझ्या फार कामाला आला.

मग फोटो. हायवे पोलीस आणि क्रेनवाले रस्ता मोकळा करायच्या मागे असतात आणि ते बरोबरच आहे, पण गाड्या हलायच्या आत तीन-चार मिनिटं मिळतात. लांबून असे फोटो घ्या की सगळ्या गाड्यांचा क्रम दिसेल, पहिली ते शेवटची, आणि प्रत्येकीचा नंबर वाचता येईल. दोन गाड्यांमधलं अंतर, रस्त्यावर ब्रेकचे घासलेले काळे पट्टे (पावसात ते दिसत नाहीत, आमच्यावेळी काहीच नव्हतं), पडलेल्या काचा नक्की कुठे पडल्यात ते, आणि सगळ्यात शेवटच्या वाहनाचं तोंड. ट्रक असेल तर ट्रकच्या दरवाज्यावर मालकाचं नाव-गाव लिहिलेलं असतं त्याचा पण.

आता एक बारीक गोष्ट सांगतो जी मला गॅरेजमधल्या एका जुन्या मिस्त्रींनी दाखवली. माझ्या पुढच्या बंपरवर पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटच्या दोन स्क्रूचे गोल ठसे उमटले होते, अगदी नाण्याचा छाप उठावा तसे. मिस्त्रींनी टेप काढला, जमिनीपासून ठशाची उंची मोजली आणि मला म्हणाले की पुढच्याच्या प्लेटच्या स्क्रूची उंची मागवून घ्या. काकांनी मोजून फोटो पाठवला, दोन्ही उंची जवळपास सारखी. याचा अर्थ काय तर जोरात ब्रेक मारत गाडी जाते तेव्हा तिचं नाक खाली दबतं, बंपर खाली जातो, मग पुढच्या गाडीचा ठसा आपल्या गाडीवर जास्त वर उमटतो, कधी थेट बॉनेटच्या कडेला. थांबलेली गाडी ढकलली गेली की बंपरला बंपर साधारण समोरासमोर भिडतो. ही खूण एकटी पुरेशी नाही, पण माझी डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली होती आणि पुढे फक्त बंपर, ग्रिल आणि थोडं बॉनेट, म्हणजे मागचा मार मोठा आणि पुढचा छोटा, हे सगळं एकत्र ठेवलं की गोष्ट जुळते. म्हणून ठसे, ओरखडे यांचे फोटो जवळून घ्या, बाजूला टेप किंवा निदान पेन धरून.

आता चूक कुणाची हे ठरतं कसं. लोकांना वाटतं मागच्याची चूक, विषय संपला. बऱ्याच वेळा तसंच असतं, कारण पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची आहे, नियमच आहे तसा, आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एका केसमध्ये ट्रकच्या मागे फक्त १०-१५ फुटांवरून चालणाऱ्या कारवाल्याला याच कारणावरून जबाबदार धरलं होतं. हिशोब करून बघा, ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे "अरे थांबला" हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पाच कारच्या लांबीएवढं अंतर निघून जातं.

पण कायम मागच्याचीच चूक असं नाहीये. २०२५ च्या जुलैमधला सुप्रीम कोर्टाचा निकाल या विषयात सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. कोइम्बतूरला २०१७ मध्ये हायवेवर एका कारवाल्याने अचानक ब्रेक मारला, कारण गाडीत गरोदर बायकोला उलटीसारखं होत होतं. मागून मोटरसायकलवर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, तो कारला धडकून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा डावा पाय गेला, कापावा लागला. कोर्टाने तिघांत वाटणी केली: कारवाला ५० टक्के, बस ३० टक्के, आणि अंतर नीट ठेवलं नाही, लायसन्स नव्हतं म्हणून तो मुलगा २० टक्के. म्हणजे सगळ्यात पुढे असलेल्याची चूक सगळ्यात जास्त धरली, कारण हायवेवर मागच्याला कुठलाही इशारा न देता थांबायचं नसतं, थांबण्यामागचं कारण कितीही खरं असलं तरी. आपल्याकडे एक्सप्रेसवेवर फोटो काढायला, लघवीला, जीपीएस बघायला मधेच थांबणारे जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुसरं म्हणजे ब्रेक फेल. आपल्याकडच्या मोठ्या साखळी अपघातांत हा शब्द लगेच ऐकू येतो. २६ जुलै २०२५ ला खोपोलीजवळ एक्सप्रेसवेवर कंटेनरने एकापाठोपाठ गाड्या उडवल्या तेव्हाही ब्रेक फेल झाल्याचं सांगितलं गेलं. पुण्यात नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये टँकरने गाड्यांची रांगच्या रांग ठोकली तेव्हाही आधी तेच ऐकू आलं, पण प्राथमिक तपासात ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केल्याचं पुढे आलं. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर टाकली की इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरत नाहीत. हे सांगायचं कारण असं की "ब्रेक फेल झाला, आम्ही काय करणार" एवढं बोलून ट्रकमालक सुटत नाही. गाडीची देखभाल नीट केली होती आणि तरीही कळून येणार नाही असा दोष अचानक उद्भवला हे त्यानेच दाखवायचं असतं. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि ब्रेकबद्दल रिपोर्ट देतो, तो रिपोर्ट मिळवाच.

पोलिसांबद्दल. कुणाला लागलं असेल तर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत, आणि जखमीला मदत करणं हे पण ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्यच आहे. कुणाला लागलं नसेल, नुसता पत्रा असेल, तर बऱ्याचदा गुन्हा दाखल न होता स्टेशन डायरीत नोंद होते. तेही चालेल पण नोंद करा आणि कॉपी घ्या. पाच गाड्या आहेत, उद्या कोण काय सांगेल ते सांगता येत नाही.

पंचनामा लिहिताना तिथे उभे राहा. माझ्या पंचनाम्यात पहिल्यांदा असं लिहिलं गेलं होतं की "वाहन क्र. ३ ने वाहन क्र. २ ला पाठीमागून धडक दिली". बघायला गेलं तर खरं आहे, दिली धडक. पण "वाहन क्र. ४ ने धडक दिल्याने पुढे ढकलले जाऊन" हे शब्द नसले की तेच वाक्य माझ्या गळ्यात आलं असतं. मी हवालदार साहेबांना नीट शब्दांत सांगितलं, साहेब माझी गाडी उभी होती, फोटो दाखवले, काकांना बोलावलं, त्यांनी लिहून घेतलं. भांडू नका, ते दिवसभर पावसात उभे असतात, शांतपणे सांगितलं तर ऐकतात. तुमचा जबाब लिहिला की वाचून घ्या, क्रम बरोबर आहे का बघा. टोल नाक्याचं सीसीटीव्ही, एक्सप्रेसवेचे कॅमेरे, मागच्या-पुढच्या कुणाचा डॅशकॅम, याचा उल्लेख अर्जात करून फुटेज जपून ठेवायची लेखी विनंती त्याच दिवशी द्या, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

जागेवर एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे "चूक माझी" असं लिहून देणं किंवा "मी भरून देतो" असं कबूल करणं. पॉलिसीच्या अटीतच असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. तुम्ही भल्या मनाने बोलता आणि क्लेमच्या वेळी कंपनी तेच पुढे करते. पुढचा ओरडत असेल तर त्याला पॉलिसीचा नंबर आणि कंपनीचं नाव द्या, त्याचं घ्या, बस. सगळ्या गाड्यांचे नंबर एमपरिवहन ॲपवर टाकले की कुणाचा इन्शुरन्स चालू आहे आणि कुणाचा संपलाय ते तिथल्या तिथे दिसतं.

आता क्लेम. परदेशातल्यासारखं इथे समोरच्याची कंपनी फोन करून तुमची गाडी दुरुस्त करून देत नाही. आपल्याकडे व्यवहारात प्रत्येकजण आपल्या फर्स्ट पार्टी पॉलिसीतून (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) आपली गाडी करून घेतो, मग चूक कुणाचीही असो. समोरच्याच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून (त्याच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणाऱ्या) गाडीचं नुकसान हवं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि तिथे मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा समोरची गाडी कार किंवा ट्रक असेल तर साधारण ७.५ लाख, दुचाकी असेल तर १ लाख असते, त्यावरचं मालकाकडून. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत हे लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे त्यांना मात्र न्यायाधिकरण किंवा आपसात तडजोड हेच दोन मार्ग.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, ॲपवरून किंवा टोल फ्रीवर, क्लेम नंबर लिहून घ्या. गाडीचं रेडिएटर फुटलं असेल, खाली पाणी-ऑइल सांडलं असेल तर स्टार्ट करून गॅरेजपर्यंत नेऊ नका, टो करा, नाहीतर इंजिन जाम झालं की कंपनी म्हणते हे अपघाताचं नाही, तुमच्या चालवण्याचं आहे, आणि ते पैसे गेले. सर्व्हे होईपर्यंत एकही पार्ट खोलू देऊ नका, आणि काढलेला बंपर, लाईट, सगळं गॅरेजमध्ये राहू द्या.

क्लेम फॉर्ममध्ये मधल्या गाडीवाल्याने काळजीपूर्वक लिहायचं एक वाक्य: मागच्या वाहनाच्या धडकेमुळे गाडी पुढे ढकलली जाऊन पुढचे नुकसान झाले, दोन्ही नुकसान एकाच घटनेतले आहे. मला सर्व्हेअरने विचारलंच, "मागचं आणि पुढचं वेगवेगळं का धरू नये?" दोन घटना धरल्या की दोन क्लेम आणि सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठराविक रक्कम) पण दोनदा. ही कपात १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० आहे, रक्कम मोठी नाही, पण दोन क्लेम दिसले की पुढच्या रिन्युअलला त्रास होतो. पंचनाम्यातलं ते दुरुस्त केलेलं वाक्य दाखवलं आणि विषय मिटला.

पैसे किती मिळणार याचा अंदाज आधीच घ्या म्हणजे धक्का बसत नाही. झिरो डेप (घसारा न कापायचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच मिळतात, काचेचे पूर्ण, आणि पत्र्याचे गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के कट, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. आजच्या गाडीचं नाक अख्खं प्लास्टिकचं असतं त्यामुळे समोरून मार बसलेल्याला जास्त झळ लागते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये धरतात.

छोटं नुकसान असेल तर क्लेम करायचाच का हे कागदावर मांडून बघा, कारण चूक तुमची नसली तरी फर्स्ट पार्टी क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाते (ती वाचवणारं एनसीबी प्रोटेक्ट कव्हर घेतलं नसेल तर). मला हे सगळ्यात जास्त लागलं, पण नियम तसा आहे. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा) प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस होता, म्हणजे तुम्ही ६,००० भरत होता. क्लेमनंतर पुढच्या वर्षी १२,०००, मग २० टक्के बोनसने ९,६००, मग २५ ने ९,०००, ३५ ने ७,८००, ४५ ने ६,६०० आणि मग परत ६,०००. जास्तीचे एकूण १५,००० गेले. गाडीची किंमत उतरते तसा आकडा थोडा कमी होईल, पण ढोबळ असाच. त्यामुळे १०-१२ हजारांच्या बंपरसाठी मागचा माणूस खरोखर पैसे देत असेल तर घेऊन मोकळं व्हा, फक्त कागदावर दोन्ही नंबर, तारीख, रक्कम, "गाडीच्या नुकसानीपोटी" असं लिहून दोघांच्या सह्या, पैसे यूपीआयने. आणि हे फक्त पत्र्याचं. मान, कंबर, डोकं दुखत असेल तर शारीरिक इजेबद्दल काहीही मिटलं असं लिहून देऊ नका, मानेचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतं.

कुणाला लागलं असेल तर गाडीचा विषय बाजूला ठेवा. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरवलेल्या हॉस्पिटलमध्ये १.५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळायची केंद्राची योजना आहे, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, हॉस्पिटलमध्ये विचारा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर, तो दिला गेला का ते स्टेशनला जाऊन विचारत राहा. आणि स्वतःचा दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करायचाच असं धरून चला, "बघू केस संपल्यावर" असं म्हणून लोक फार उशीर करतात. दावा जिथे अपघात झाला तिथेच करायला पाहिजे असं नाही, तुम्ही राहता तिथेही करता येतो, म्हणजे अपघात रायगडमध्ये आणि घर नाशिकला तर नाशिकला.

साखळी अपघातात प्रवाशांना कायदा खूप मोठा आधार देतो आणि हे फार कमी लोकांना माहितीये. तुम्ही गाडीत नुसते बसलेले होता आणि दोन-तीन ड्रायव्हरांच्या चुकीने तुम्हाला लागलं, तर कुणाची किती टक्के चूक हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही, त्यातल्या कुठल्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आपापसातला हिशोब ते बघतील. गाडी चालवणाऱ्याचं मात्र तसं नाही, त्याच्या स्वतःच्या चुकीचे टक्के त्याच्या रकमेतून कापले जातात, म्हणून पुन्हा तेच, धक्के किती आणि आधी कुठला. चूक सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख ठराविक मिळतात. ज्याने सुरुवात केली तो पळून गेला आणि सापडलाच नाही तर हिट अँड रनची भरपाई मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, अगदी रिक्षाची सुद्धा, सुट्टीचा पगार कापला त्याची स्लिप, सगळं एका फाईलमध्ये.

शेवटचं, कंपनीने तुमच्या गाडीचा क्लेम विनाकारण अडकवला तर. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हे रिपोर्ट १५ दिवसांत आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय व्हायला पाहिजे. नाही झाला तर फोनवर भांडू नका, कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाका, रिपोर्टची कॉपी मागा, विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. माझा क्लेम ३८ दिवस अडकला होता, मी मेलमध्ये क्रमाने लिहिलं, सोबत पाचही गाड्या दिसणारा तो लांबून घेतलेला फोटो, पंचनामा, काकांचा जबाब आणि स्क्रूच्या ठशाचे टेप लावलेले दोन फोटो जोडले, आणि नवव्या दिवशी गॅरेजमधून फोन आला की अप्रूव्हल आलंय, काम सुरू करतो.